हलकी मॅग्नम रायफल: १५० ग्रेन घ्यावं की १८०?

३०० विंचेस्टर मॅग्नम हे जास्त दारूचं, जोरदार काडतूस १९६३ सालचं. तेव्हाच्या रायफली लाकडी दस्त्याच्या, हाताला जड लागणाऱ्या. आज कार्बन फायबरचा दस्ता आणि बारीक नळी असलेली, दुर्बीण न धरता तीन किलोच्या आत बसणारी रायफल मिळते. काडतुसातली दारू मात्र पूर्वीइतकीच आहे. चढावर खांद्याला जो आराम मिळतो, तो चाप ओढला की त्याच खांद्याकडून वसूल होतो.

हिशेब सोपा आहे. काडतूस तेच ठेवून रायफल चार किलोवरून ३.२ किलोवर आणली, की धक्क्याची ऊर्जा सव्वापट होते. म्हणून बरेच जण दुकानात १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) पेटी उचलतात: गोळी हलकी, म्हणजे धक्का कमी. कमी होतो हे खरं, पण किती? फॅक्टरीत भरलेल्या नेहमीच्या काडतुसात १५० ग्रेनची गोळी सेकंदाला ३,२९० फुटांच्या आसपास निघते आणि १८० ग्रेनची २,९६० च्या. गोळी हलकी झाली तशी वेगात धावायला लागली, दारूही थोडी जास्तच. शेवटी दोन्हींच्या धक्क्यातला फरक दहा टक्क्यांच्या आतच राहतो. खांद्याला तो कळतो, नाही असं नाही, पण तेवढ्यावर पेटी ठरवू नये.

सपाट मार्गाचंही तसंच. २०० यार्डांवर नेम बसवला तर ३०० यार्डांवर १५० ग्रेन साधारण सहा इंच खाली येते, १८० ग्रेन सातच्या आसपास. या एका इंचासाठी वाद घालणारे पुष्कळ भेटतात. बसायला टेकू नसताना तीनशे यार्डांवर एक इंच धरून दाखवणारा मला अजून भेटायचा आहे.

खरा फरक पडतो तो गोळीच्या घडणीत. मॅग्नमची गोळी पन्नास-साठ यार्डांवरच्या जनावराला लागते तेव्हा तिचा वेग अजून जवळपास पूर्ण असतो. शिशाचा गाभा आणि वर तांब्याचं साधं पातळ कवच, अशी १५० ग्रेनची गोळी त्या वेगात खांद्याच्या हाडावर आदळली तर लवकर फुटते. मांस नासतं आणि गोळी आतवर जात नाही. रेमिंग्टनची कोर-लॉक्ट १९३९ पासून आहे आणि कवच गाभ्याला धरून ठेवणाऱ्या जुन्या घडणींत ती चांगलीच. पण मॅग्नममध्ये साधीच गोळी वापरायची असेल तर १८० ग्रेनचीच घ्यावी. वेग कमी, वस्तुमान जास्त, दोन्ही गोष्टी तिच्या बाजूने.

याच अडचणीतून नोस्लर पार्टिशन आली, १९४८ मध्ये. गोळीच्या पोटात तांब्याचा आडवा पडदा. पुढचा अर्धा भाग उमलतो, पडद्यामागचं शिसं जागेवर राहतं आणि गोळी पुढे घुसत जाते. आताच्या बॉन्डेड गोळ्यांत, उदाहरणार्थ ॲक्युबॉन्डमध्ये, कवच आणि गाभा एकमेकांना जोडलेलेच असतात. जवळचं आणि लांबचं, बारीक जनावर आणि थोराड, असं सगळंच एका पेटीत भागवायचं असेल तर माझं मत १८० ग्रेन बॉन्डेडला.

पूर्ण तांब्याची गोळी हा दुसरा चांगला पर्याय, आणि हलक्या रायफलीला तो विशेष मानवतो. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते. शिवाय ती वजन फारसं गमावत नाही, म्हणून एक पायरी खाली, १६५ ग्रेनवर आलं तरी घुसण्यात काही कमी पडत नाही. अट एकच. तिला उमलायला वेग लागतो. लांबवर वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या खाली उतरायला लागला की बहुतेक तांब्याच्या गोळ्या मनासारख्या उघडत नाहीत. जिथे शिशाच्या काडतुसांना बंदी आहे तिथे तर शिसं की तांबं हा प्रश्नच उरत नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीला शिसं चालतच नाही.

लांब पल्ल्याच्या २०० ग्रेन गोळ्या, हॉर्नाडीच्या ईएलडी-एक्ससारख्या, वाऱ्यात सरस, यात शंका नाही. पण त्यांचा फायदा चारशे यार्डांपुढे दिसतो आणि बारीक नळीच्या रायफलीवर तेवढ्या लांबचा बार करावा का, हा आधीचा प्रश्न आहे. धक्काही सगळ्यांत जास्त. ही पेटी मी जड रायफलवाल्यासाठी सोडून देईन.

आता पेटीवर न लिहिलेली गोष्ट. बार झाला की रायफल मागे येते, मॅगझिनमधली काडतुसं मात्र जागीच राहू पाहतात आणि मॅगझिनची पुढची भिंत त्यांच्या टोकांवर आपटते. रायफल हलकी तेवढा हा तडाखा मोठा. एकदा सरावानंतर तळाचं काडतूस बाहेर काढलं तर उघड्या शिशाचं टोक चपटं झालेलं, एका बाजूला ओठ फुटल्यासारखं. शेजारी त्याच दिवशी भरलेलं प्लास्टिकच्या टोकाचं काडतूस होतं, त्याला ओरखडाही नव्हता. म्हणून या रायफलीत पॉलिमर टोक, किंवा निदान पितळी नळकांड्याचं तोंड गोळीवर घट्ट दाबलेलं काडतूस बघून घ्यावं.

पेटीवरचा वेग बहुधा २४ इंची नळीतला असतो. तुमची नळी २२ इंची असेल तर इंचामागे पंचवीस-तीस फूट वजा धरा. बारीक नळी लवकर तापते आणि तापली की गोळ्या लागण्याची जागा सरकायला लागते. तीन बार, मग नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. पाचव्या-सहाव्या बाराला ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, पसरला म्हणून काडतुसाला नावं ठेवणारे आहेत, तो दोष बहुतेक वेळा तापलेल्या नळीचा असतो. किंवा आपला, धक्क्याच्या भीतीने दचकण्याचा. तो तपासायचा तर जोडीदाराला सांगून, आपल्याला न कळता, एखादं रिकामं, सरावाचं काडतूस भरायला लावावं. खट् आवाज होतो, बार होत नाही, आणि नळीचं तोंड खाली झुकलेलं सगळ्यांना दिसतं. झुकत असेल तर सरावापुरती कमी धक्क्याची काडतुसं घ्या. नेम मात्र शिकारीच्या काडतुसावरच बसवा, कारण दोन्ही एका जागी लागत नाहीत.

पर्याय दोनवर आले की दोन्हींची एकेक पेटी घेऊन बघा. १८० बॉन्डेड आणि १६५ तांबं, यांत तुमच्या नळीला कुठलं आवडेल हे कागदावरून सांगता येत नाही. जे बसेल त्याच्या पेटीवरचा लॉट नंबर टिपून त्याच लॉटच्या आणखी तीन-चार पेट्या लगेच उचला. पुढच्या लॉटमध्ये दारू बदललेली असू शकते आणि मग नेम पुन्हा पहिल्यापासून बसवावा लागतो.