तक्रार ‘निकाली’ निघाली, पाणी मात्र गढूळच: महापालिकेच्या तक्रार निवारण सेवेचा वर्षभराचा अनुभव

आमच्या महापालिकेची तक्रार निवारण सेवा आमच्या गल्लीतील अकरा कुटुंबांनी गेल्या वर्षभरात सर्व मार्गांनी वापरून पाहिली. मोबाइल ॲप, टोल-फ्री क्रमांक, क्षेत्रीय कार्यालयातील लेखी अर्ज आणि शेवटी लोकशाही दिन (अधिकाऱ्यांसमोर थेट गाऱ्हाणे मांडण्याचा दिवस), यांपैकी काहीही आम्ही सोडले नाही. विषय एकच होता: सकाळी साडेसहाला नळाला पाणी सुटले की पहिली दहा मिनिटे ते गढूळ येई आणि त्याला गटाराचा वास असे. २०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरात गुलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळल्यापासून दूषित पाण्याची भीती घरोघरी पोचली आहे, आणि आमच्या गल्लीत दोन तान्ही मुले आहेत.

ॲपविषयी आधी चांगले ते सांगतो. ते मराठीत आहे, छायाचित्र आणि ठिकाण जोडून दोन-तीन मिनिटांत तक्रार नोंदवता येते आणि तक्रार क्रमांक लगेच संदेशाने येतो. कोपऱ्यावरचा बंद पथदिवा आम्ही कळवला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागला. जे काम एकाच विभागाचे असते आणि एकाच माणसाच्या हातून होते, त्यासाठी ही सेवा खरोखर उपयोगी आहे.

पाण्याच्या तक्रारीत मात्र दोन विभाग आले आणि तिथेच सगळे अडले. ॲपमध्ये एकच विभाग निवडता येतो. पाणीपुरवठा विभागाने कळवले की जलवाहिनी ठीक आहे, ड्रेनेजचे चेंबर तुंबले असावे. ड्रेनेज विभागाने चेंबर उपसले आणि पुढचे काम आपले नाही असा शेरा मारला. नवव्या दिवशी माझ्या मोबाइलवर संदेश आला: ‘आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.’ त्या वेळी आमच्या स्वयंपाकघरात भरून ठेवलेल्या बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसलेला होता.

हा निर्णय मान्य नाही, असे कळवण्याची सोय ॲपमध्ये नाही. सेवेला तारांकने देता येतात, एवढेच. म्हणून नवी तक्रार करावी लागते, तिला नवा क्रमांक मिळतो आणि दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. आम्ही अशा चार तक्रारी केल्या. सहा आठवडे न सुटलेला आमचा एक प्रश्न महापालिकेच्या दप्तरी मात्र मुदतीत निकाली काढलेल्या चार तक्रारी म्हणून नोंदला गेला. या सेवेतील सर्वांत गंभीर दोष मला हाच वाटतो, कारण त्यामुळे त्रास तर सुरूच राहतो, शिवाय त्याची नोंदही पुसली जाते, आणि वरच्या अधिकाऱ्याने प्रामाणिकपणे अहवाल पाहिला तरी त्याला आमची गल्ली दिसत नाही.

यातून मार्ग निघाला तो कागदामुळे. गल्लीतील एका निवृत्त लिपिक काकांनी अर्ज लिहून दिला. तो क्षेत्रीय कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे होता, विषय एका ओळीत, संदर्भात चारही तक्रार क्रमांक तारखांसह, आणि खाली घरक्रमांकासह अकरा सह्या होत्या. ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे नेहमीचे वाक्य त्यांनी मुद्दाम टाळले आणि ‘पाणीपुरवठा व ड्रेनेज या दोन्ही विभागांच्या कनिष्ठ अभियंत्यांनी सकाळी पाणी सुटण्याच्या वेळी संयुक्त स्थळपाहणी करावी’ अशी नेमकी मागणी लिहिली. आवक-जावक टेबलावर दुसऱ्या प्रतीवर जांभळा शिक्का मारून, त्याखाली पेनाने आवक क्रमांक लिहून पोच मिळाली. ती पोच घेतल्याशिवाय कोणीही तिथून निघू नये.

आठ दिवसांनी सकाळी सहालाच दोन्ही अभियंते, एक फिटर आणि दोन बिगारी आले. फिटरने नळाचे पहिले पाणी काचेच्या छोट्या नळीत घेऊन ओटी टेस्टचे, म्हणजे क्लोरीन तपासण्याचे, थेंब टाकले. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर रंग पिवळसर होतो. ग्राहकाच्या नळाला ते लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असा दंडक आहे. आमच्या पाण्याला रंगच आला नाही. पलीकडच्या गल्लीतील पाणी त्याच थेंबांनी पिवळे झाले. मग चेंबरच्या कडेने खोदले, तेव्हा एक जुनी गंजलेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) पाइप चेंबरच्या भिंतीला चिकटून गेलेली दिसली. पाणीपुरवठा बंद झाला की वाहिनीतील दाब जातो आणि पाइपच्या छिद्रांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी पाणी सुटल्यावर तेच आधी नळाला येते. दहा मिनिटांचे कोडे असे एका सकाळी सुटले. तीन दिवसांत नवी पाइप चेंबरपासून दूर टाकली गेली. आजूबाजूच्या गल्ल्यांतही अशाच जुन्या जोडण्या असल्याचे फिटरला कित्येक वर्षे ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते. चिखलात उतरून काम केलेल्या त्या माणसांविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

उरलेल्या गल्ल्यांसाठी आम्ही लोकशाही दिनाला अर्ज केला. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. तिथे सर्व खातेप्रमुख एकाच दालनात बसलेले असल्याने ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर कोणाला देता आले नाही, आणि आमची बाजू शांतपणे ऐकून घेतली गेली.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा मुदतीत न मिळाल्यास अपील करता येते आणि दोषी अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो. त्यात नळजोडणी मिळण्याला मुदत आहे. पण त्याच नळातून सांडपाणी येऊ लागले तर आमच्या हातात तक्रार क्रमांकाखेरीज काही नव्हते. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातील मतदारांच्या सभेची, तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली, परंतु आमच्या प्रभागात ती भरल्याचे कोणालाच आठवत नाही. मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांकडे गेला, तसा आमचाही गेला, आणि त्या काळात दार ठोठावायला नगरसेवकही उरला नव्हता. अशा काळात तर तक्रार सेवेवरची जबाबदारी अधिकच वाढते.

सेवेने तीन बदल करावेत, अशी आमची लेखी सूचना आहे. तक्रारदाराने होकार दिल्याशिवाय तक्रार बंद होऊ नये. त्याच ठिकाणाची तीच तक्रार पुन्हा आल्यास दिवस पहिल्या तारखेपासून मोजावेत. एकाहून अधिक विभाग निवडण्याची सोय असावी आणि तशा तक्रारीत संयुक्त स्थळपाहणी बंधनकारक असावी. यांतील पहिली सूचना मान्य झाली, तरी बाकीच्यांसाठी आम्ही थांबायला तयार आहोत.

आता पाणी पहिल्या मिनिटापासून स्वच्छ येते. पाइपसाठी खोदलेला चर मातीने बुजवला आहे, त्यावर डांबर पडलेले नाही आणि पावसाळा तोंडावर आहे. त्याचा अर्ज आम्ही गेल्या सोमवारी दोन प्रतींत दिला असून पोच घेतली आहे.