सायलेन्सरचं वेल्डिंग, ११ महिन्यांनंतर: टाके टिकले, भोक नडलं

नवव्या महिन्यात एकदा ब्रेक दाबला आणि गाडीच्या मागून अर्ध्या भरलेल्या कळशीसारखा डुबुक आवाज आला. डिकी उघडली, रिकामी. पाणी होतं ते मफलरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या मागच्या डब्यात. चार दिवसांनी मफलरची खालची शिवण उघडली आणि पेलाभर तांबूस पाणी जमिनीवर सांडलं. हा अनुभव तेव्हाच लिहायचा होता, पण तेव्हा लिहिला असता तर निम्म्या शिव्या चुकीच्या माणसाला गेल्या असत्या.

ज्यांच्या गाडीला कॅटॅलिटिक कन्व्हर्टरपासून (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा) शेपटीपर्यंत सगळा पाइप एकसंध वेल्ड करून येतो, त्यांना वेगळं काय सांगायचं? मध्ये फ्लँज, म्हणजे बोल्टने सुटणारा जोड नाही. फ्लेक्स, म्हणजे मध्येच बसवलेला जाळीचा लवचिक पाइप, फाटला तरी उत्तर एकच, अख्खी असेंब्ली बदला. माझा फ्लेक्स फाटला होता आणि मफलरच्या तोंडाशी जोडाला चीर गेली होती. वीतभर पाइपसाठी पूर्ण लाइन विकत घ्यायला मन धजेना. कापून जोडायचं ठरवलं.

काढताना वाटलं होतं तेवढा त्रास झाला नाही. सायलेन्सर टांगणाऱ्या हँगरची रबरं साबणाच्या पाण्याने सटकली. पाइपात बसवलेला, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मात्र अडून बसला. त्याला २२ मिमीचा, वायरसाठी बाजूने खाच असलेला सॉकेट लागतो. इंजिन थोडं गरम असताना तो सुटला, आदल्या दिवशी थंड असताना जागचा हलला नव्हता. कापायचं तर जुन्या वेल्डवर कटर चालवू नका. तिथे एक पाइप दुसऱ्याच्या पोटात गेलेला असतो, दोन थर कापत बसावं लागतं आणि शेवटी तोंड वेडंवाकडं होतं. दोन बोटं बाजूला, सरळ आणि निरोगी पाइपवर कापा. त्याआधी कापायच्या जागेवरून आडवी जाणारी एक रेघ दोन्ही बाजूंना ओरखडून ठेवा. मी ओढली नव्हती. त्याचं पुढे येईलच.

वेल्डर हाताचा चांगला होता. जेमतेम दीड मिमी जाडीचा पाइप, ०.८ मिमीची तार, मिग मशीन (वेल्डिंगची तार आपोआप पुढे सोडणारं). आधी वेल्डचे चार ठिपके, म्हणजे टाके मारून लाइन रबरांवर टांगून पाहिली, मग खाली उतरवून पूर्ण वेल्ड केली. हीच पद्धत बरोबर. गाडीखाली झोपून वर हात करून वेल्ड मारला की पाइपची वरची बाजू नेहमी अर्धवट राहते, शिवाय ठिणग्यांच्या शेजारी पेट्रोलची नळी आणि ब्रेकचा होज असतो. टाके मारताना बॅटरीची निगेटिव्ह काढली होती आणि अर्थचा चिमटा जोडाशेजारी पाइपवरच लावला होता. सगळं शिस्तीत. मग जाता जाता तो म्हणाला, "साहेब, मफलरला खाली एक बारीक भोक पडलंय, तेही बुजवून देतो, त्याचे पैसे नकोत." मी त्याचे आभार मानले!

पाचव्या महिन्यात थंड इंजिन सुरू केलं की पुढून फटफट ऐकू येऊ लागली. फ्लेक्सची जाळी वेल्डच्या कडेलाच फाटलेली. मी वेल्डरला मनातल्या मनात यथेच्छ ऐकवलं. आधी चार लोकांना त्याचं नाव सुचवलं होतं, तेही मागे घेतलं. दुसऱ्या मेकॅनिकने बॉनेट उघडून ॲक्सिलरेटर हाताने झटकला, तर इंजिन बोटभर मागे-पुढे झुललं. इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिन जागेवर धरून ठेवणारं रबर तुटलेलं होतं. फ्लेक्सचं काम इंजिनाचे बारीक हेलकावे पचवण्याचं, असले झोके सोसण्याचं नव्हे. माउंटिंग बदललं, त्याच वेल्डरने नवा फ्लेक्स जोडला, तो आजवर शाबूत आहे. तेव्हा वेल्डिंगबद्दलची तक्रार मागे घेतो.

भोकाची मात्र घेणार नाही. ते भोक पडलेलं नव्हतं, ठेवलेलं होतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. माझी रोजची धाव जेमतेम दहा मिनिटांची, तेवढ्यात मागचा डबा नीट तापतही नाही. वाफ आतच थंड होते आणि आम्लाचा अंश घेऊन तळाशी बसते. बाहेर जायला वाट काय, तर ते दोन-तीन मिमीचं भोक. मफलर आधीच जुना झालेला होता हे मान्य, वर्षभरात तसाही गेला असता कदाचित. पण फुकटातल्या एका ठिपक्याने मला नवा मफलर घ्यायला लावला, हे डोक्यातून जात नाही.

नव्याच्या वेळी वेल्डिंग टाळलं. पाइपवर पाइप सरकवून रुंद पट्टीचा बँड क्लॅम्प आवळला. यू-बोल्टवाला क्लॅम्प स्वस्त असतो, पण आवळताना दोन्ही पाइपना असा खळगा पाडतो की पुढच्या वेळी पुन्हा कटरच हातात घ्यावा लागतो. जुन्या पाइपवर रेघ नव्हती, त्यामुळे मफलर नेमका किती फिरवायचा ते कळेना. पहिल्यांदा बसवला तेव्हा तो तिरका होऊन भोक पार बाजूला गेलं. क्लॅम्प सैल केला, फिरवून भोक अगदी तळाला आणलं, पुन्हा आवळला. वेल्ड असता तर हे जमलं नसतं. गळती तपासायला इंजिन थंड असताना व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी करून शेपटीतून आत सोडली आणि जोडांवर साबणाचं पाणी लावलं. जोडांवर बुडबुडा नाही, फक्त भोकातून हवा येते, ती यायलाच हवी.

दोन महिने झालेत. आवाज नव्यासारखा, खडखड नाही. दर पंधरा दिवसांनी भोकात बारीक तार फिरवतो. परवा सकाळी गाडी सुरू करून उभा होतो, मागे थेंब थेंब पाणी पडत होतं. शेजारचे काका वाकून बघत म्हणाले, "सायलेन्सर गळतोय तुझा. वेल्डिंग करून घे."