थर्मल, प्रॉडक्शन की डिझाइन? मराठवाड्यात राहून मेकॅनिकलचं संशोधन करणाऱ्यांसाठी

एमटेक किंवा पीएचडीचा विषय बहुतेक जण दोन गोष्टींवरून ठरवतात: गाईड कोण मिळतात आणि पेपर कशात लवकर निघतात. माझ्या मते त्याआधी बघायचं ते हे, की रीडिंग कुठल्या यंत्रावर घेणार आणि ते यंत्र किती दिवस तुमच्या हाताशी राहणार.

या हिशेबाने प्रॉडक्शन सगळ्यात सोपं वाटतं. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याला सीएनसी (संगणकावर चालणारी) मशीन, टूल रूम, डाय-मोल्डवाले भरपूर. पण तिथली मशीन ऑर्डरवर चालते, तुमच्या प्रयोगासाठी ती थांबत नाही. शिवाय टागुची पद्धतीने, म्हणजे सगळे प्रयोग न करता ठरावीक तक्त्यातल्या मोजक्या प्रयोगांवरून निष्कर्ष काढायच्या पद्धतीने, फार मोह घातला आहे. चार घटक, प्रत्येकाच्या तीन पातळ्या, म्हणजे ८१ प्रयोग. टागुचीच्या तक्त्यात ते ९ वर येतात. मग धातू बदलायचा, तोच तक्ता भरायचा, की प्रबंध तयार! असं करू नका. टूल का झिजलं, हे शोधा. विषयच हवा असेल तर अत्यल्प वंगणाचं मशीनिंग घ्या. नेहमीचं कूलंट (टूल थंड ठेवणारं द्रव) मिनिटाला काही लिटर वाहतं, इथे तासाला साधारण १० ते १०० मिलिलिटर तेल हवेबरोबर फवारलं जातं. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या भागात यावर जीव तोडून काम व्हायला हवं.

थर्मलला मात्र माझं झुकतं माप आहे. आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसाला सरासरी ५ ते ६ युनिट (किलोवॅट-तास) ऊन पडतं, आणि त्याच उन्हात हिंगोली, वसमत, नांदेडकडची हळद वाळते. शिजवलेली हळद १० ते १५ दिवस उघड्यावर पसरलेली असते. मध्येच अवकाळी आला की रंग जातो, बुरशी धरते, भाव पडतो. सोलर ड्रायर हे त्याचं उत्तर आहे, पण सूर्य मावळल्यावर काय, इथून खरं संशोधन सुरू होतं. दिवसाची उष्णता रात्रीसाठी साठवायला मेण वापरता येतं: पॅराफिन मेण वितळताना किलोमागे साधारण २०० किलोज्यूल उष्णता साठवतं. अडचण अशी की त्याची उष्णतावाहकता जेमतेम ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन. बाहेरचा थर वितळतो, आतला घट्टच राहतो. फिन्स (उष्णता आत पोचवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) लावा, धातूचा फोम घाला, नॅनोकण मिसळा. या एका दोषावर कितीतरी काम शिल्लक आहे. पिकातला ओलावा आणि प्रत तपासायला परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे.

किंमत मोजावी लागते ती ऋतूची. पावसाळ्यात स्वच्छ उन्हाची रीडिंग जवळजवळ मिळतच नाहीत आणि हळद शिजते ती फेब्रुवारीपासून पुढे. सेटअप दिवाळीपर्यंत उभा राहिला नाही, तर वर्ष हातचं गेलं असं समजा.

डिझाइनला खर्च सगळ्यात कमी. यंत्राच्या कंपनांवरून त्यातला बिघाड ओळखणं हा त्यातला एक सोपा वाटणारा विषय. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाचा बेअरिंगच्या कंपनांचा डेटा फुकट मिळतो, त्यावर मशीन लर्निंग चालवून ९९ टक्के अचूकताही दाखवता येते. पण तो डेटा २ हॉर्सपॉवरच्या मोटरवरचा आणि बेअरिंगमधले दोष मुद्दाम पाडलेले. उसाच्या रसात, भुशात, बदलत्या भाराखाली फिरणाऱ्या साखर कारखान्याच्या गिरणीबद्दल तो काही सांगत नाही. गळीत हंगामात तिथे सेन्सर लावण्याची तयारी असेल तरच हा विषय घ्या.

गेट देऊन दोन वर्षांच्या एमटेकला आला असाल, तर महिना १२,४०० रुपयांच्या विद्यावेतनात आणि तेवढ्या वेळात प्रॉडक्शन बरं. नोकरीलाही तेच जवळचं. पीएचडीला यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान ३ आणि कमाल ६ वर्षं मिळतात. हळदीचे दोन-तीन हंगाम त्यात बसतात, म्हणून तिथे थर्मल घ्या.

कारखान्यातल्या यंत्रावर काम करणार असाल, तर सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) देण्याआधी परवानगी लेखी घ्या आणि रीडिंग पेपरात छापायला हरकत नाही, हेही त्यातच लिहून घ्या.