नाशिकच्या आडगाव नाक्याजवळचे डिझेल इंजिनांच्या पंप-नोझलचे दुकान: ट्रॅक्टर आणि पिकअप दोन्हींसाठी

दिंडोरी तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत महिंद्राचा 575 ट्रॅक्टर औषध फवारणीचा ब्लोअर ओढतो आणि बोलेरो पिकअप माल बाजारात नेते. मागच्या हंगामात ब्लोअर लावला की ट्रॅक्टर काळा धूर ओकू लागे आणि पाणी तापे. गावाकडच्या एका गॅरेजमध्ये "पिकअपचं इंजिन तरी वेगळं काय आहे?" असे म्हणत इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून दिले होते. त्यानंतर आडगाव नाक्याजवळच्या या दुकानात गेलो.

इथल्या मिस्त्रींनी पान्याला हात लावण्याआधी विचारले, "दादा, ब्लोअर चालू केल्यावर आरपीएम किती पडतात?" म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या किती कमी होतात. हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. गॅरेजवाल्याचे म्हणणे अर्धेच खरे होते. महिंद्राने 1963 मध्ये अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि तिच्या बी-275 ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वंश पुढे जीपमध्ये व पिकअपमध्ये उतरला. 2523 सीसीच्या पिकअप इंजिनाचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, आजही 88.9 मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेतीन इंच आहे; 575 च्या 2730 सीसी इंजिनाचाही तेवढाच. परंतु ट्रॅक्टर मिनिटाला 1900 फेऱ्यांवर पूर्ण ताकद देतो, पिकअप 3200 फेऱ्यांवर. ट्रॅक्टरमध्ये भार कमी-जास्त झाला तरी फेऱ्या धरून ठेवण्याचे काम गव्हर्नर करतो, तर कॉमन रेल (एकाच सामायिक नळीतून सगळ्या नोझलना दाबाखाली डिझेल देणाऱ्या) पिकअपमध्ये डिझेलचे माप संगणक ठरवतो. शिवाय ट्रॅक्टरचे इंजिन हाच त्याच्या सांगाड्याचा भाग असतो. पिकअपचे रबरी माउंटिंगवर चॅसिसमध्ये बसते. त्यामुळे एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

ट्रॅक्टरचे चारही नोझल काढून त्यांनी हाताने दाब देऊन नोझल तपासायच्या स्टँडवर लावून दाखवले. तिघांतून धुक्यासारखा बारीक फवारा निघाला आणि चौथ्याच्या टोकाला डिझेलचा जाड थेंब लटकत राहिला. मी वाकून बघू लागलो तेव्हा त्यांनी हात धरून मागे ओढले, कारण तो फवारा कातडीतून आत शिरतो. दोष कॅनमध्ये साठवलेल्या आमच्याच पाणी मिसळलेल्या डिझेलचा निघाला. नोझल बदलला, पंप स्टँडवर बसवून मूळ मापावर आणला, फिल्टर नवे घातले. पिकअपचे फक्त स्कॅनरवर तपासून "याला हात लावायची गरज नाही" असे सांगितले आणि त्याचे पैसेही घेतले नाहीत.

तक्रार एकच: पंपाचे स्टँड एकच असल्याने दोन दिवस थांबावे लागले, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारणी सुरू होते तेव्हा ही रांग आणखी वाढते. पावसाळा संपायच्या आत जावे, आणि साठवणीतले थोडे डिझेल काचेच्या बाटलीत बरोबर न्यावे. मिस्त्री आधी तेच मागतात.