‘चिनी जडीबुटी’च्या पुड्यांतून विकलेला आराम

सांध्यांच्या वातावर ‘चिनी जडीबुटी’ म्हणून मिळालेल्या पुड्या ज्यांच्या घरी आजही सुरू आहेत, त्यांनी हे वाचून त्या एकाएकी बंद करू नयेत. पुडी, डबी, चिठ्ठी जे असेल ते सोबत घेऊन आधी डॉक्टरांकडे जावे. हे सर्वांत आधी लिहिण्याचे कारण असे की, आमच्या वहिनींच्या जिवावर बेतले ते पुड्या घेत असताना नव्हे, तर त्या थांबवल्यावर.

वहिनींना आमवात आहे, म्हणजे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. आजार आटोक्यात राहू शकतो, पण तो मुळातून काढून टाकणारे औषध आजही नाही. सेवाग्रामच्या रुग्णालयातून त्यांना आठवड्यातून एकदाच घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी, सोबत फॉलिक अ‍ॅसिड आणि ठरावीक काळाने रक्ततपासणी असा उपचार सुरू झाला होता. या गोळीचा गुण दिसायला साधारण सहा ते बारा आठवडे जातात, आणि वेचणीच्या हंगामात ज्या बाईची मूठ वळत नाही तिला हा काळ फार लांब वाटतो. नेमके त्याच वेळी, बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एका लॉजच्या खोलीत बसणाऱ्या ‘चिनी पद्धतीच्या वैद्या’चे पत्रक गावात पोहोचले. आमवात, ल्युपस (प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटण्याचा आणखी एक आजार), सोरायसिस, पांढरे डाग, सारे काही ‘लेई गोंग टेंग’ या वनस्पतीने मुळापासून बरे होईल, असे त्यात छापलेले होते.

फसवणूक पचली ती या नावामुळे, कारण ही वनस्पती खोटी नाही. चीनमध्ये आमवातावर तिच्या मुळाचा अर्क खरोखरच वापरला जातो, आणि तिथल्या रुग्णांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तो मेथोट्रेक्सेटच्या तोडीस उतरला होता. पण याच अर्काने स्त्रियांची पाळी बंद होऊ शकते, पुरुषांचे शुक्रजंतू घटतात, यकृत, मूत्रपिंड आणि रक्तपेशींना इजा होते. या वेलीची पाने, फुले आणि मुळाची साल तर विषारीच असतात. म्हणजे ज्याला हे औषध खरोखर द्यायचे आहे, तो आधी पाळीबद्दल विचारील आणि रक्त तपासायला सांगेल. या गृहस्थाने दोन्हींपैकी काहीच केले नाही. मनगटाला एक यंत्र लावले, त्यातून निघालेली कागदाची पट्टी वाचल्यासारखे केले आणि रुग्णालयाच्या गोळ्यांकडे बोट दाखवून म्हणाला, “या गोळ्यांनं रक्त जळते जी ताई, हे पयले बंद करा.”

आठवडा उलटायच्या आत आराम पडला. “भाऊजी, पाहा न, माही मूठ वळते आता,” असे वहिनींनी मला हरखून दाखवले, तेव्हा घरात कोणालाही शंका आली नाही. कापसाचे पैसे हाती येताच दादांनी पुढच्या कोर्सचे छत्तीस हजार रुपये फोनवरून भरले. बिल मागितले, तर उत्तर मिळाले, “जडीबुटीले कायचं बिल जी?”

पुढे चेहरा गोल झाला, वजन वाढले, आणि शेजारच्या बायका तब्येत सुधारली म्हणून कौतुक करू लागल्या. दंडावर नुसत्या धक्क्याने काळेनिळे डाग पडत होते, त्याकडे मात्र कोणाचे लक्ष गेले नाही. मृगाच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागले आणि पुड्या थांबल्या. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला, उठून बसण्याचीही ताकद राहिली नाही. ग्रामीण रुग्णालयातून त्यांना तातडीने सेवाग्रामला हलवावे लागले. साखर आणि हाडे यांवर झालेल्या परिणामांचा हिशेब त्यानंतर निघाला.

तिथे सकाळच्या रक्तातील कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवते ते स्टेरॉइड, अतिशय कमी आढळले. औषधातल्या स्टेरॉइडने सूज आणि दुखणे झटपट उतरते, पण ते बाहेरून मिळत राहिले की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचे कॉर्टिसोल बनवणे सोडतात. अशा वेळी पुरवठा अचानक तुटला की शरीर ताण झेलू शकत नाही. गोल चेहरा, डाग आणि ही तपासणी यांवरून पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असावे, असे डॉक्टरांनी सांगितले. असा प्रकार जगात नवा नाही. ब्रिटनमध्ये इसबावरच्या अकरा चिनी हर्बल मलमांची तपासणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यांपैकी आठांत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड निघाले होते. बेल्जियममध्ये तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस वजन उतरवण्याच्या चिनी मिश्रणात एका वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती पडल्याने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे बिघडली. तिथे लबाडी नव्हती, नावांचा घोळ होता, तरी परिणाम तोच.

आमच्या भागात चोर बीटीची, म्हणजे कापसाच्या बेकायदा बियाण्याची, पाकिटे बिलाशिवाय येतात, आणि ती घेणारा शेतकरीसुद्धा आपण काय घेतो आहोत हे ओळखून असतो. त्या पुड्यांवर तर चोर बीटीच्या पाकिटाइतकीही छपाई नव्हती: निर्मात्याचे नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, घटक नाहीत. आयुर्वेद आणि युनानी औषधांनाही आपल्या कायद्याने हे सारे लेबलावर छापावे लागते. चिनी वैद्यक तर आयुष मंत्रालयाच्या मान्य पद्धतींत नाहीच, त्यामुळे अशा ‘वैद्या’ची पदवी पडताळायची कुठे, हा प्रश्नच उरतो. शिवाय संधिवात, ल्युपस आणि पांढरे डाग बरे करण्याची जाहिरात करणे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे ते पत्रक हाच पुरावा होता आणि तो गावभर वाटला गेला होता.

लॉजची ती खोली आता रिकामी आहे. रजिस्टरमधले नाव आणि ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचे नाव, ही दोन्ही निराळी निघाली. उरलेल्या पुड्या, पत्रक आणि पैसे भरल्याचा पुरावा आम्ही अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रारीसोबत दिला असून पुड्यांचा अहवाल यायचा आहे. वहिनींची मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू झाली आहे, आणि स्टेरॉइड डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवले जात आहे. त्याच खोलीतून औषध घेतलेल्या इतरांनीही आपल्या पुड्या फेकून न देता तक्रार द्यावी, कारण सध्या त्या कार्यालयात एकाच घरचा कागद पडलेला आहे.