हीट पंप तपासायची खोली: हीटरवाली घ्यावी की उष्णता फिरवणारी?

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात एका शेडमध्ये १० किलोवॉटचा हीट पंप (हवेतल्या उष्णतेवर पाणी तापवणारं यंत्र) चाचणीच्या खोलीत लावला होता. पॅनेलवर दोन मीटर शेजारीशेजारी. पंपाच्या मीटरवर २.५ किलोवॉट, खोलीच्या हीटरच्या मीटरवर ७.५ च्या पुढे. वीज वाचवतो म्हणून जो पंप विकायचा, त्याच्या तपासणीलाच तिप्पट वीज जात होती. मला ते बघवेना. शिरोली-कागल पट्ट्यात कुणी अशी खोली बांधणार असेल, तर कोटेशनवर सही करण्याआधी हा हिशेब मांडून बघावा.

पंप खोलीतल्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो. सीओपी, म्हणजे एका युनिट विजेमागे पाण्यात किती युनिट उष्णता मिळते तो आकडा, ४ असेल तर विजेचे २.५ आणि हवेतले ७.५ मिळून १० किलोवॉट पाण्यात येतात. युरोपला माल पाठवायचा तर ईएन १४५११ या युरोपीय चाचणी मानकाप्रमाणे हवा ७ अंशांवर आणि पाणी ३५ अंशांवर धरून मोजावं लागतं. पंपानं ओढलेले ७.५ खोलीत सतत परत भरले नाहीत, तर हवा ७ वर टिकतच नाही.

हीटरवाली खोली हे ७.५ विजेनं भरते आणि पाण्यातले १० कूलिंग टॉवरवरून बाहेर टाकते. एका हातानं चूल पेटवायची, दुसऱ्यानं गरम पाणी ओतून द्यायचं, असा प्रकार. पण ती स्वस्त पडते आणि ऑपरेटरला लवकर जमते.

दुसऱ्या, उष्णता फिरवणाऱ्या खोलीत त्याच ३५ अंशांच्या पाण्यातली उष्णता प्लेट एक्स्चेंजरमधून (पाणी न मिसळता उष्णता पलीकडे देणारं साधन) खोलीची हवा तापवणाऱ्या कॉइलकडे फिरवतात. ७.५ घरातल्या घरात परत येतात. बाहेर टाकायचे उरतात ते जेमतेम २.५ आणि पंख्या-पंपांची थोडी उष्णता. हीटर फक्त बारीक जुळवणीला. दमटपणाचंही तसंच: विजेवर वाफ करायला लिटरमागे जवळपास पाऊण युनिट जातं, इथे पाण्याचा फवारा मारून फिरत्या उष्णतेवर भागतं.

अडचण येते डीफ्रॉस्टला, म्हणजे बर्फ वितळवताना. हवा २ अंशांवर धरलेल्या चाचणीत पंपाच्या कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळवायला पंप उलटा फिरून पाण्यातलीच उष्णता परत घेतो आणि खोलीकडे येणारा पुरवठा तुटतो. गरम पाणी साठवून ठेवणारी बफर टाकी नसेल तर तापमान हेलकावे खातं आणि रीडिंग बाद होतात. पैसे वाचवायला ही टाकी कापू नका.

महिन्याला दोन-तीन मशीन तपासायची असतील, तर हीटरवाली खोली पुरे. रोज ८ तास चाचणी असेल, तर नुसत्या हीटरचे दिवसाला ६० युनिट, २५ दिवसांचे १,५०० होतात. तिथे मी फिरवणारीच घेईन. ५० किलोवॉटच्या मशीनला तर ३७.५ किलोवॉटचे हीटर लागतील. युनिट राहू देत, कॉन्ट्रॅक्ट डिमांडच (वीज कंपनीकडून मंजूर भार) वाढवून घ्यावी लागेल.

फाउंड्रीत टनामागे किती युनिट जातात हे विचारल्याशिवाय आपण भट्टी घेत नाही. इथेही पुरवठादाराला विचारा: पंपाचं मीटर सोडून एका चाचणीमागे खोली किती युनिट खाते? आकडा कोटेशनमध्येच लिहून घ्या. आणि हीटर, चिलर, पंखे यांना वेगवेगळे मीटर मागा.