हेलिकॉप्टर उडवायचंय: हवाई दल की भूदल?

ऐरोलीतला माझा भाचा बारावीत आहे. परवा भिंतीला पाठ टेकवून, पाय लांब करून बसला आणि मला टेपने मोजायला लावलं. हवाई दलात वैमानिकाच्या पायाची लांबी किमान ९९ सेंटिमीटर लागते. तेवढी भरली, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवंच. पदवीनंतर ॲफकॅट ही हवाई दलाची प्रवेश परीक्षा आहे. वैमानिकाची संगणकीय चाचणी मात्र आयुष्यात एकदाच देता येते, म्हणून घाईने जाऊ नये.

भूदलात आधी अधिकारी व्हायचं, मग आर्मी एव्हिएशनसाठी, म्हणजे भूदलाच्या हवाई शाखेसाठी निवड. प्रशिक्षण आपल्या नाशिकला. २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक तिथूनच भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

पगारात डावं-उजवं नाही: दोन्हीकडे सुरुवातीचं मूळ वेतन ५६,१००, लष्करी सेवा वेतन १५,५००, शिवाय उड्डाण भत्ता.

उडायचंच असेल तर मी हवाई दल म्हणेन. ताईला नाशिक जवळचं वाटतं. पण शिकून झाल्यावर नेमणूक सियाचीनलाही होते, हे तिला सांगितलंय.